अप्पांचं ध्यान आणि गडग्यातली फट

चहा निवला तर निवू दे, पण आधी हे ऐका. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये हसलात की माझा धागा तुटतो. शेजारच्या अप्पांना मी एकदा संन्यासी होण्यापासून वाचवलं. म्हणजे, वाचवतेय असं मला वाटलं! प्रत्यक्षात काय झालं ते आमच्या आळीतलं पोर न पोर सांगतं, पण त्यांच्या सांगण्यात पदरचं फार. म्हणून म्हटलं, मीच सांगते. निदान अब्रू जायची ती माझ्याच तोंडून जाईल.

आमच्या आणि अप्पांच्या आवारांच्या मधोमध चिऱ्यांचा एक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे. त्या गडग्याला, माझ्या धुण्याच्या दगडाजवळ, एक फट आहे. ती मी पाडलेली नाही हं! जांभ्या दगडाला भोकं आपोआप पडतात. ती थोडी मोठी व्हायला माझा हातभार लागला असेल, एवढंच.

तर अप्पा. बंदरावरच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली. माणूस सोन्यासारखा, पण राग! भाजीत मीठ कमी पडलं की त्यांचा आवाज मिरकरवाड्यापर्यंत जायचा. तिथल्या कोळणी दुसऱ्या दिवशी मासे घेऊन आल्या की आधी मला विचारायच्या, "काल काय झालं ओ अक्का?" आमच्याकडे घड्याळ नव्हतं आणि आम्हाला त्याची कधी गरजही पडली नाही. सकाळी अप्पा पहिल्यांदा ओरडले की मी भात वैरायची, दुसऱ्यांदा ओरडले की पोरांना शाळेत पिटाळायची. सगळं कसं वेळच्या वेळी!

पेन्शन घेतल्यावर त्यांचं पोट बिघडलं. वैद्य झाले, काढे झाले. शेवटी बोटीने मुंबईस गेले, गिरगावात भाच्याकडे. तिथे कुणी योग शिकवणारे गुरू भेटले म्हणे. दसऱ्याच्या सुमारास अप्पा परत आले, आणि काय सांगू तुम्हाला, बोटीतून भलताच माणूस उतरला!

आवाज नाही. आदळआपट नाही. पहिल्या दिवशी मी कान लावून बसले, तर आमचा भातच व्हायचा राहिला. पोरं शाळेत उशिरा पोचली आणि मार खाऊन आली.

सकाळी उठून बघते तो काय, अप्पा विहिरीपाशी उकिडवे बसलेले. हातात चोचीची झारी. एका नाकपुडीत पाणी ओततायत आणि दुसऱ्या नाकपुडीतून धार बाहेर! माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. मग त्यांनी सगळं आवार फिरून पाहिलं. आंब्याखाली उभे राहिले, माडाखाली उभे राहिले, तुळशीपाशी घुटमळले. आणि शेवटी चटई कुठे पसरली असेल? आमच्या गडग्यालगतच्या फणसाखाली. माझ्या फटीच्या ऐन समोर!

मला तेव्हा वाटलं, देवच माझ्या बाजूचा आहे.

रोज सकाळी आणि दिवेलागणीला अप्पा तिथे डोळे मिटून बसायचे. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मी अलीकडे धुणं आपटायची, म्हशीला ओरडायची, कोळणीशी भाव करायची, वरच्या आळीतल्या चुलतजावेशी गडग्यावरून बोलायची. अप्पा हलायचे नाहीत. पापणीसुद्धा नाही. दर गुरुवारी तर मौन! बायकोशी, म्हणजे काशीशीही बोलायचे नाहीत, नुसतं हसायचे. आता मला सांगा, ज्या माणसाला आपण जन्मभर ओरडताना पाहिलं, तो हसायला लागला तर भीती वाटेल की नाही?

आणि मग त्यांनी मासे सोडले.

हे मात्र माझ्याने सोसवेना. रत्नागिरीचा माणूस घर सोडेल, देश सोडेल, बोटीवर खलाशी होऊन पार आफ्रिकेला जाईल, पण तिथेही बांगडा शोधील. ज्याने बांगडा सोडला त्याचं संसारात उरलं काय?

"अहो," मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अप्पांचं काही खरं नाही. ते संन्यास घेणार."

"घेऊ देत. तू नको घेऊस."

"अहो, वेणूचं लग्न व्हायचंय! बाप भगवी नेसून गेला तर पोरीला कोण करून घेईल? काशीने काय करायचं?"

"तू आधी गडग्याच्या अलीकडे काय करायचं ते बघ. आमटी लागली आहे."

पुरुषमाणसांना दूरचं दिसत नाही ते असं. वेणू ही अप्पांची एकुलती मुलगी. नाकीडोळी नीटस, वागायला शहाणी, माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. राजापूरचं एक स्थळ आलं होतं तिला, ते मोडलं. का मोडलं ते पुढे सांगते. तेव्हापासून काशी मनाला लावून घेऊन होती. आणि आता हे!

मी ठरवलं, अप्पांना संसारात परत आणायचं. मिरकरवाड्याहून ताजे फडफडीत बांगडे आणले. गडग्यालगत तीन दगड मांडून चूल केली. वारा पाहिला, आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. तिखट, मीठ, चिंच चोळून एकेक बांगडा तव्यावर सोडला. काय तो वास! आळीतली मांजरं आली. वरच्या आळीतली मांजरं आली. आमचे हे माजघरातून पान मांडायला सांगत आले. फक्त अप्पा आले नाहीत.

मी फटीला डोळा लावला. अप्पांनी एकदा दीर्घ श्वास घेतला. मला वाटलं, झालं, विरघळले! पण त्यांनी तो श्वास सावकाश सोडला आणि चेहऱ्यावर हसू आलं. परत स्थिर.

बांगड्याच्या वासाने माणूस रडला असता तर मी समजू शकले असते. पण हसला!

मग मी काशीला गाठलं.

"काशे, घरात सगळं बरं आहे ना गो?"

"बरं आहे की, अक्का."

"अप्पांचं काय चाललंय?"

"कुठे काय?" असं म्हणून तिने मान दुसरीकडे वळवली. मागे वेणू उभी होती, ती पदर तोंडात कोंबून आत पळाली. पाठमोरी होती, पण तिचे खांदे हलत होते हो! मुसमुसून रडत होती बिचारी. माझं काळीज पिळवटलं. म्हटलं, बघा, मायलेकी दुःख कसं गिळतायत. जगाला कळू देत नाहीत. मलासुद्धा!

पुढच्या दोन-चार दिवसांत त्या घरात जे काही दिसलं, ते पाहून माझी खात्रीच पटली. अप्पांची जुनी गादी बाहेर गेली. जुने कोट गड्याला दिले. ओटीवरची अडगळ काढली. सगळा त्याग चालला होता! आणि गुरुवारी सकाळी फटीतून बघते, तर मागीलदारी एका घमेल्यात तांबडं पाणी, आणि त्यात अप्पांचा पंचा बुडालेला. चांगला भगवा झालेला!

भगवं भिजत घातलं, आता राहिलं काय? मुंडण!

आणि तेवढ्यात आला की हो गंगाराम न्हावी, काखेत धोकटी मारून. मागच्या पडवीत अप्पा पाटावर बसले. गुरुवार म्हणजे मौन. गंगारामने साबण लावला, वस्तरा परजला. मुंबईहून आल्यापासून अप्पांनी दाढी राखली होती, ती एका बाजूने उतरायला लागली. मी इकडे तडफडतेय. जाऊ कशी, अडवू कशी? मग गंगाराम वाटीत पाणी घ्यायला विहिरीवर आला, तशी मी गडग्यावरून अर्धी पलीकडे वाकले.

"गंगाराम! अरे, कुठल्या जन्मी हे पाप फेडशील?"

तो दचकला. वाटी विहिरीत पडली. "काय झालं ओ अक्का?"

"घरात बायको आहे, लग्नाची पोर आहे, आणि तू त्यांचं मुंडण करतोस?"

"मुंडण? मला तर दाढी सांगितलीय."

"सुरुवात दाढीपासूनच होते!"

गंगारामचा चेहरा उतरला. "म्हणजे... अप्पा बुवा होणार?"

"ते घमेल्यातलं बघ. आणि विचार जाऊन, बोलतात का तुझ्याशी."

तो गेला. "अप्पा, तुम्ही घर सोडणार?" असं विचारलं असेल त्याने. अप्पा नुसते हसले आणि पुढचा गाल दाखवून बोट फिरवलं. झालं! गंगारामने वस्तरा पुसला, धोकटी आवळली, अप्पांना लांबूनच नमस्कार घातला आणि पसार! अप्पा मागून टाळ्या वाजवतायत. मौन, मग हाक कशी मारणार? टाळ्या ऐकून गंगाराम आणखी जोरात पळाला. त्याला वाटलं, भजन सुरू झालं.

अप्पा पडवीत उभे, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वीतभर दाढी. मी मनात म्हटलं, अर्धा संन्यास तरी अडवला!

खरी मजा पुढेच आहे. थांबा, घोटभर घेते.

उन्हं कलल्यावर मी अंगणात सूप घेऊन बसले होते. आळीच्या तोंडाशी माणसं दिसली. दोन पुरुष, एक बाई. डोक्याला पंचे गुंडाळलेले, आणि सगळे नखशिखांत भगवे! धोतरं भगवी, सदरे भगवे, बाईचं लुगडं भगवं, भुवयासुद्धा भगव्या. सरळ माझ्याकडेच आले.

"का हो बाई," त्यातल्या मोठ्याने विचारलं, "अप्पा कुठे राहतात? ते योगाला बसतात ना, तेच."

आता तुम्ही म्हणाल, अक्का, सावर्ड्याहून मोटारीने येणारा माणूस तांबड्या धुळीने रंगूनच उतरतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हो, माहीत आहे! मला काय माहीत नव्हतं? आमचे धाकटे दीर चिपळुणाहून आले की मी त्यांना आधी विहिरीवर पाठवते. पण माझ्या डोक्यात सकाळपासून भगवं भरलं होतं त्याला काय करू? मला वाटलं, आले! जमात आली त्यांना न्यायला! बरोबर साध्वीसुद्धा आणली! साध्वीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. दिसलं मला. पण दिसून काय उपयोग?

"ह्या आळीत योगी-बिगी कुणी नाही," मी सूप आडवं धरून म्हटलं. "ते सगळे मांडवीला, समुद्राकाठी. सरळ जा. मागे वळून बघू नका."

"पण आम्हाला तर ही आळी—"

"बदलली आळी! जा!"

बिचारे गेले. बाईने जाताना दोनदा वळून बघितलं. मी सुटकेचा श्वास टाकला, अगदी अप्पांसारखा दीर्घ. आणि तेवढ्यात काशी धावत गडग्यापाशी आली. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली.

"अक्का गो, सावर्ड्याची माणसं दिसली का कुठे? मोटार तर केव्हाची आली म्हणतात."

"कोण सावर्ड्याची?"

"अहो, वेणूला बघायला यायचेत! मुलाचे आईवडील आणि मामा. दुकान आहे त्यांचं, मुलगा चांगला शिकलेला आहे. आणि इकडे ह्या गंगारामने काय केलं बघितलंत? अर्धी दाढी टाकून पळाला! मी वाट बघून दुसरा न्हावी शोधतेय, तर सकाळपासून कुणी यायला तयार नाही. 'संन्याशाची दाढी आम्ही करत नाही' म्हणतात मेले!"

सूप माझ्या हातून पडलं. "मग ती गादी? ते कोट?"

"घर नको आवरायला? पाहुणे यायचे!"

"आणि ते घमेलं? तो पंचा?"

"वृंदावनाला आणि जोत्याला लावायला तांबडी काव भिजवली होती. दोरीवरचा पंचा पडला त्यात. का हो?"

"पण काशे, मला का नाही सांगितलंस?"

काशी म्हणाली, "राजापूरची माणसं आली तेव्हा काय झालं, अक्का? ती पायरी चढायच्या आत तुम्ही मुलाला पगार विचारलात, त्याच्या आईला दम्याचं औषध सांगितलंत, आणि वेणूला लहानपणी गोवर झाला तेव्हा काय काय झालं ते सगळं! ह्या खेपेला म्हटलं, अक्कांना बारशालाच बोलवू."

त्या दिवशी वेणूचे खांदे का हलत होते ते मला आत्ता कळलं. रडत नव्हती हो, हसत होती कार्टी!

बोलायला वेळ कुठे होता? मी पदर खोचला आणि धावले. हे अंग घेऊन, मांडवीपर्यंत! वाटेत ज्याने त्याने विचारलं, "अक्का, कुठे?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर दिलं नाही.

तिघे वाळूत उभे होते. एक म्हातारा जाळं शिवत बसला होता, त्याला मामा विचारत होते, "इथे योगी कुठे बसतात?" आणि तो म्हणत होता, "योगी नाही ओ, पण सकाळी आलात तर कोळंबी मिळेल."

मी धापा टाकत त्यांच्यापुढे हात जोडले. तिथेच गप्प राहिले असते तर भागलं असतं. चूक झाली, आळी चुकली, चला, एवढंच म्हणायचं होतं. पण मी गप्प राहिले तर मी कसली?

"क्षमा करा हो! मला वाटलं तुम्ही बैरागी, अप्पांना संन्यासाला न्यायला आलात! मासे सोडले, बोलणं सोडलं, पंचा भगवा झाला, म्हणून मी न्हाव्यालासुद्धा पळवलं!"

मुलाच्या वडिलांनी मामांकडे बघितलं. मामांनी मुलाच्या आईकडे. "मी म्हणत नव्हतो?" वडील हळू म्हणाले. "तिकडे ऐकलं होतं ते खरंच आहे. बाप योगाच्या नादी लागलाय. शेजारपाजारच सांगतोय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसरं स्थळ! तेही मीच मोडलं!

मी खालमानेने तिघांना अप्पांच्या घरी आणलं. काशीने पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिलं, तेव्हा त्यांच्या अंगावरून भगवं उतरलं आणि आतून पांढरीशुभ्र माणसं निघाली. मी दाराच्या आड उभी राहिले. आणि मग अप्पा ओटीवर आले. अर्धी दाढी घेऊन! वेणू आतल्या दारात, पोह्यांची बशी हातात घेऊन.

अप्पांनी हात जोडले आणि मौन सोडलं. "या. बसा. माझं हे ध्यान बघून घाबरू नका, उरलेलं उद्या उतरेल."

पण वडील हसले नाहीत. "अप्पासाहेब, स्पष्ट विचारतो. मुलगी आम्हाला पसंत पडेलही. पण उद्या तुम्ही सगळं सोडून हिमालयात निघून गेलात तर ह्या लग्नात उभं कोण राहणार? पोरीला माहेर कुठलं राहणार?"

काशी खाली बघत होती. मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

अप्पा सावकाश बोलले. "मी पोटासाठी मुंबईला गेलो होतो. गुरूंनी नाडी बघितली आणि विचारलं, घरात ओरडता किती? मी म्हटलं, पुष्कळ. ते म्हणाले, मग आधी ते पोटातून काढू. श्वास कसा घ्यायचा, घास कसा चावायचा, समोरचा बोलताना ऐकायचं कसं, हे ह्या वयात शिकलो. तीस वर्षांत मी हिच्या हातची आमटी कशी लागते ते पाहिलंच नव्हतं, नुसतं मीठ शोधत होतो." काशीने पदर डोळ्याला लावला. "हे सगळं घरात राहण्यासाठीच शिकलो. हिमालयात जाऊन काय करू? तिथे मुळात शांतता. तिथे कुणाचंही ध्यान लागेल! गुरूंनी बजावलं होतं, मन जिथे सगळ्यात जास्त ढळेल अशा जागी आसन घाल. मी सगळं आवार पालथं घातलं, आणि ती फणसाखालची जागा निवडली."

"तिथे काय आहे?" मामांनी विचारलं.

"पलीकडे अक्का असतात," अप्पा म्हणाले.

ओटी हसण्याने दणाणली! वडील हसले, मामा हसले, काशी हसली, वेणूच्या हातातले पोहे सांडले. मुलाची आई डोळे पुसत म्हणाली, "अहो, खरं सांगते, मला घरात अखंड बोलायची सवय. मुलगी बुजेल, टिकेल की नाही, ह्याचीच मला काळजी होती. पण ही ह्यांच्या शेजारी वाढलीय ना? मग प्रश्नच मिटला! आम्हाला मुलगी पसंत आहे."

म्हणजे बघा, लग्न माझ्यामुळेच जमलं. हे कुणी मानत नाही ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी मला मात्र मनापासून लाज वाटली. मी ठरवलं, आजपासून आपणही मौन. धुणं हळू आपटायचं, म्हशीशी खुणेने बोलायचं, फटीत चिंधी कोंबायची. दोन दिवस मी पाळलं हो! आमच्या ह्यांनी घाबरून वैद्याला निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावरून अप्पांचं डोकं वर आलं. दोन्ही गाल गुळगुळीत, पण चेहरा ओढलेला.

"अक्का, बऱ्या आहात ना?"

मी मान हलवली.

"मग हे काय आरंभलंत? दोन दिवस माझी बैठक जमत नाहीये. डोळे मिटले की मन तुमच्याकडे! अक्का आजारी आहेत का, अक्का रागावल्यात का, अक्कांना काय झालं? कृपा करा आणि बोला. नाहीतर मी पुन्हा ओरडायला लागेन."

एवढा मोठा योगी हात जोडून विनवतोय म्हटल्यावर मी तरी किती ताणणार? फटीतली चिंधी काढून टाकली.

आता रोज सकाळी अप्पा फणसाखाली बसले की मी कामाला लागते. म्हशीला दोन शब्द सुनावते, कोळणीशी घासाघीस करते, धुणं चांगलं दणदण आपटते. त्यांच्या साधनेत आपल्याकडून काही कमी पडायला नको. आणि मधूनच एकदा फटीला तोंड लावून विचारते, "अप्पा, लागलं का हो ध्यान?"

अजून एकदाही त्यांनी उत्तर दिलेलं नाही. म्हणजे लागत असणार.